उदाहरणातली गाडी

सातवीच्या वर्गाला मी एक उदाहरण घालायचो. किकवीहून स्वारगेटला जायचंय, अंतर ४५ किलोमीटर धरा. एसटी लिटरला साडेचार किलोमीटर जाते आणि तिच्यात ४५ माणसं बसली आहेत. पजेरो लिटरला आठ किलोमीटर जाते आणि तिच्यात एकच माणूस बसलाय. दर माणशी डिझेल किती? एसटीला दहा लिटर लागतं, म्हणजे माणशी पाव लिटरसुद्धा नाही. पजेरोला साडेपाच लिटरच्या वर, तेही एकट्याला. पंचवीसपट. मुलांचं गणित सोडवून झालं की मी खडू खाली ठेवायचो आणि विचारायचो, "मग शहाणा कोण?" वर्ग हसायचा. त्यात माझं हसू सगळ्यांत मोठं असायचं.

आता माझ्या घरामागच्या गोठ्यात एक पजेरो उभी आहे. २००६ सालची, एमएच १२ नंबरची. तिचं इंजिन उघडताना मी बाजूला उभा होतो, तिच्या आकृत्या मी वाचल्या आणि आता तिच्या पुढच्या सीटवर मी मजेत बसतो. माझ्या हाताखालून गेलेली माणसं भोर तालुक्यात गावोगाव आहेत. त्यांच्यातल्या काहींनी मला त्या सीटवर पाहिलंय. मनात झालेला बदल त्यांना सांगायला हवा, म्हणून लिहितोय.

मोठ्या गाड्यांवरचा माझा राग आला कुठून, ते आधी सांगतो. किकवी पुणे-सातारा रस्त्यावर आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा हा रस्ता साधा दुपदरी होता. पुढे तो चौपदरी झाला, मग सहापदरीचं काम निघालं. रस्ता रुंदावत गेला तसा कडेच्या जमिनीचा भाव वाढत गेला. शिरवळला कारखाने आले, हॉटेलं आली, पुण्याचे लोक गुंठ्याने जागा घ्यायला यायला लागले. ज्यांच्या घरात वर्षाकाठी एकदा भाताचे पैसे यायचे, त्यांच्या खात्यावर एका व्यवहारात कधी न पाहिलेली रक्कम जमा होऊ लागली. आणि मग गाड्या आल्या. कुणी स्कॉर्पिओ घेतली, कुणी सफारी. एखाद्याने त्याहून मोठी उडी मारली आणि पजेरो घेतली. 'गुंठामंत्री' हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. माझ्या तोंडी जरा जास्तच.

मी एम-८० दुचाकीवर शाळा गाठणारा माणूस. दिवा विनाकारण जळू नये, पान अर्धं कोरं राहू नये, ताटात टाकू नये, ही माझी शिस्त. या शिस्तीत वाईट काही नव्हतं. पण माझी काटकसर बघणारं कुणीतरी समोर असलं की मला बरं वाटायचं, आणि उधळपट्टी करणारा समोर असला की त्याहून बरं वाटायचं. हे तेव्हा कळलं नाही.

मुलगा शिरवळच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याने ही गाडी आणली. पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती वर्षानुवर्षं उभी होती. मालक परदेशी गेलेले, चारही टायर बसलेले, नोंदणीची १५ वर्षं उलटून गेलेली. भंगारवाला जे देणार होता त्याच्यापेक्षा थोडे जास्त देऊन पोराने ती उचलली. क्रेनवाल्याने टोचन करून दारात आणून सोडली. छतावर कबुतरांची घाण, चाकांच्या कमानीला गंज, आत उंदरांनी कुरतडलेलं फोम.

"आयुष्यभर ज्याच्या विरोधात बोललो तेच दारात आणून ठेवलंस," मी म्हणालो.

"आप्पा, ही गाडी डाकारची शर्यत बारा वेळा जिंकलीय," तो म्हणाला.

खरं होतं ते. १९८५ ते २००७ या काळात मित्सुबिशीने वाळवंटातली ती शर्यत पजेरो घेऊन बारा वेळा जिंकली. आपल्याकडे ही गाडी २००२ मध्ये आली. अँबॅसिडर बनवणारी हिंदुस्तान मोटर्स तमिळनाडूत तिरुवळ्ळूरच्या कारखान्यात ती जुळवायची. पण ऐकायची इच्छा कुणाला होती? मी जेवणाच्या ताटावरून उठलो. आमची ही म्हणाली, "गुरं विकल्यापासून गोठा रिकामाच आहे, उभी राहू दे तिथं." तेवढ्यावर तो विषय थांबला आणि आमचं बोलणंही थांबलं.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते एका पुस्तकामुळे. मुलाने गाडीच्या दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक छापून आणलं होतं. जाडजूड गठ्ठा. त्याच्या शिफ्ट असायच्या, आणि मदतीला येणारा मिस्त्री हाताने हुशार, पण इंग्रजी वाचायला कंटाळायचा. सर्व्हिस रोडला त्याचं छोटं गॅरेज आहे. माझाच विद्यार्थी. दिवसभराचं काम आटोपून संध्याकाळी यायचा. एकदा मुलगा म्हणाला, "आप्पा, एवढं पान वाचून सांगता का?" वाचून सांगा म्हटल्यावर नाही म्हणणं मला जमलेलं नाही. मी चष्मा लावला आणि गोठ्यात जाऊन बसलो.

त्या दिवसापासून रोज बसायला लागलो. इंजिन चार सिलिंडरचं, २८३५ सीसी, टर्बो डिझेल. आत टायमिंगला पट्ट्याऐवजी साखळी आहे हे वाचलं तेव्हा मिस्त्रीचा चेहरा खुलला, कारण पट्टा तुटला तर सगळं इंजिन बसतं. रेडिएटर गाळाने भरला होता. गाडी त्यामुळेच कधीतरी गरम होऊन बंद पडली असणार. या इंजिनाचं हेड गरम झालं की तडकतं, अशी त्याची ख्याती. म्हणून हेड उतरवून पुण्याला पाठवलं आणि पाण्याच्या दाबाखाली तपासून घेतलं. चीर नव्हती. नोझल साफ करून आणले, डिझेलचा पंप कॅलिब्रेट करून आणला. बुश, बॉल जॉइंट, ब्रेकचे पाइप काही नाना पेठेत मिळाले, काही कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आले. कमानीचा सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला. वरून लांबी भरून गंज झाकायला मिस्त्री तयार नव्हता. "आतनं खात राहतो, गुरुजी," तो म्हणायचा.

मी बघत होतो. प्रत्येक भाग उघडता येत होता, साफ करून परत बसवता येत होता. एक बोल्ट काढण्यासाठी कुठून हात घालायचा, याचा विचार कुणीतरी जपानमध्ये बसून केला होता. ज्या वस्तूला मी नुसता माज समजत होतो, तिच्यात एवढं कष्टाचं डोकं ओतलेलं आहे याचं मला आश्चर्य वाटत होतं. पण राग गेला नव्हता. गाडी चांगली असेल, ती घेणारे तसलेच, अशी मी सोय लावून घेतली होती.

इंजिन सुरू झालं. एक दोष मात्र राहिला. या गाडीला गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा दांडा आहे. तो सरकवला की पुढच्या चाकांनाही ताकद मिळते आणि समोर चार चाकांचं चित्र उजळतं. आमच्या गाडीत पुढच्या चाकांचे दोन दिवे नुसते लुकलुकत राहायचे. आधीच्या मालकांना कुठल्याशा गॅरेजमध्ये सांगितलं होतं म्हणे, की ट्रान्सफर केस गेली, खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. गाडी उभी राहण्याचं तेही एक कारण.

आषाढातली संध्याकाळ होती, पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी ते प्रकरण वाचून काढलं. पुढची चाकं जोडण्याचं काम या गाडीत निर्वात दाबाने होतं. इंजिनावरच्या पंपापासून बारीक रबरी नळ्या निघतात, दोन विजेच्या झडपांतून जातात आणि पुढच्या डिफरन्शियलवरच्या डबीपर्यंत पोचतात. डबी ओढली गेली की आतला दुवा जोडला जातो. जोडला गेल्याची खूण मिळाली की दिवे स्थिर होतात. मी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर ते सगळं लाल-निळ्या पेन्सिलने काढलं, शाळेत रक्ताभिसरणाची आकृती काढायचो तसं. मग म्हणालो, एकेक नळी बोटाने चाचपत जाऊ. मिस्त्री बॉनेटमध्ये वाकला, मी बॅटरी धरली. निळ्या नळीच्या वळणावर त्याचं बोट थांबलं. खालच्या बाजूने रबर फाटलं होतं, वरून बघून कळलंच नसतं. त्याने खोक्यातून वीतभर नळी काढली, कापली, बसवली. किंमत चहा-भज्यांएवढीसुद्धा नसेल. मुलाने इंजिन सुरू केलं, दांडा सरकवला. दोन्ही दिवे लुकलुकले आणि स्थिर झाले.

आम्ही तिघंही ओरडलो. माझ्या वयाला शोभणार नाही एवढ्या मोठ्याने मी ओरडलो. मिस्त्रीने बोळ्याला हात पुसले, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला,

"गुरुजी, सातवीत तुम्ही पजेरोचं उदाहरण घालायचात ना, ती आमची होती."

त्याच्या आवाजात राग नव्हता. आनंदाच्या भरात माणूस जुनी ओळख काढतो, तसं तो बोलला. मला मात्र बॅटरी धरवेना.

तो आमच्या शाळेत होता हे मला माहीत होतं. गणितात कच्चा मुलगा, खिडकीकडे बघत बसणारा, एवढीच त्याची आठवण मी ठेवली होती. त्याच्या वडिलांनी रस्त्याकडेचा तुकडा विकून जुनी पजेरो घेतली होती, हेही मला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून तर उदाहरणात दुसरी कुठली गाडी न घालता मी पजेरो घातली होती. आणि "मग शहाणा कोण?" विचारल्यावर वर्ग कुणाकडे वळून हसायचा, हे न दिसायला मी काही फळ्याकडे तोंड करून उभा नव्हतो. मला दिसत होतं. दिसत होतं आणि आवडत होतं. हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले.

मी विचारलं, तुझ्या वडिलांनी का घेतली होती रे ती गाडी? विचारताना मला एखादं चांगलं कारण हवं होतं. भाड्याने लावायला घेतली असेल, आजारी माणसं दवाखान्यात न्यायला घेतली असेल, असं काहीतरी. म्हणजे मला ती गाडी माफ करता आली असती. त्याने तसं काही सांगितलं नाही. जमिनीच्या पैशातून सोसायटीचं कर्ज फिटलं, बहिणीचं लग्न झालं, बोअर घेतली, भावकीचा वाटा गेला. उरलेल्यात सेकंडहँड गाडी आली. "बापाला बसायचं होतं त्यात," तो म्हणाला. "जन्मभर रस्त्याच्या कडेनं बैलं हाकली. अंगावर चिखल उडवून या गाड्या जायच्या. एकदा आतनं बघायचं होतं, बाहेर कसं दिसतं."

एवढंच कारण होतं. आणि ते पुरेसं का नसावं, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही. एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. वेल्ह्याच्या बाजूला शाळेवर असताना तोरण्याच्या, राजगडाच्या पायथ्याशी पुण्याहून लोक यायचे. डॉक्टर, इंजिनिअर, वकील. त्यांच्या गाड्याही मोठ्याच असायच्या, आणि त्याही तेवढंच डिझेल प्यायच्या. मी त्यांना पाणी द्यायचो, वाट दाखवायचो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचो, बघा, किती हौसेने गड बघायला येतात. त्यांच्यावर मी कधी उदाहरण घातलं नाही. साहेबाची गाडी शाळेच्या आवारात आली की सदऱ्याची गुंडी लावून सामोरा जायचो, तिचं ॲव्हरेज किती हे मनातसुद्धा आलं नाही. गाडी तीच, डिझेल तेच. शिकलेल्याने घेतली की हौस आणि कुणब्याने घेतली की माज. मी स्वतः कुणब्याच्या घरातला. माझ्या वडिलांनीही याच कडेनं बैलं हाकली. आपल्यातलाच एकजण आपल्याआधी त्या सीटवर जाऊन बसला, हे मला सहन झालं नाही, आणि त्याला मी पर्यावरणाचं आणि काटकसरीचं नाव दिलं. बारा वर्षांच्या पोरासमोर.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. शब्द नीट जुळले नाहीत. तो ओशाळला. "जाऊ द्या हो गुरुजी," म्हणाला, "बापाची गाडी सारखी बंद पडायची म्हणून तर मी गॅरेजात बसायला शिकलो." आणि मग, "बॅटरी जरा डावीकडे धरा." मी धरली. माफी झाली की नाही, मला अजून सांगता येत नाही. माफ करायचं की नाही हे ठरवायचा अधिकार त्याचा आहे. त्याने तो वापरलाच पाहिजे असं नाही.

गणिताबद्दल मात्र मी मागे आलेलो नाही, तेही इथेच सांगून टाकतो. ॲव्हरेज आठच्या वर जात नाही, घाटात सातवर येतं. डिझेलही स्वस्त नाही. एक लिटर जाळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि आजच्या बीएस ६ गाड्यांपुढे हिचा धूर नक्कीच जास्त. ही गाडी रोज पुण्याला नेली असती तर मी आजही भांडलो असतो. आम्ही नेत नाही. मुलगा कंपनीत दुचाकीवर जातो, मी स्वारगेटला एसटीनेच जातो. पण काटकसरीच्या माझ्या हिशेबात एक रकाना कधीच नव्हता. दोन टनांच्या आसपासचं पोलाद, काच आणि रबर, सगळं आधीच खर्च होऊन गेलेलं. एका फाटक्या नळीपायी ते भट्टीत घालायचं आणि त्या जागी नवीन दोन टन घडवायचं, त्याचा खर्च मी कुणाच्या नावावर मांडला असता? दुरुस्ती ही काटकसरच आहे, हे मला साठीनंतर माझ्याच विद्यार्थ्याने शिकवलं. कमी चालवायची आणि नीट ठेवायची, एवढ्यावर मुलाचं आणि माझं जमलंय.

कागदपत्रांनी दमवलं. १५ वर्षं झालेल्या गाडीचं पुन्हा पासिंग करावं लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाली होती, हरित कर वेगळा, उशिराचा दंड वेगळा. सगळं भरलं.

आणि फिरलो. भोरवरून हिर्डोशीकडे, नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने, वरंध्याच्या रोखाने. वेल्ह्यावरून केळदला, मढे घाटाच्या तोंडापर्यंत. पावसाने रस्ता निसरडा झालेला, पुढचे दोन दिवे स्थिर, आणि गाडी जमीन धरून चालत होती. एम-८० वर ज्या वाटेने कंबरडं मोडायचं त्याच वाटेने मी पाठ टेकून गेलो. मला सुख वाटलं. सुखाची मला आयुष्यभर भीती वाटत आली, हे त्या सीटवर बसल्यावर कळलं. दुसऱ्याला सुखात बघून राग यायचा, त्याच्या मुळाशी ही भीतीच असावी.

मिस्त्रीच्या वडिलांना मी घरी बोलावलं. त्यांना त्या उदाहरणाबद्दल काही माहीत नव्हतं, मुलाने घरी कधी सांगितलंच नव्हतं. मी सांगणार होतो, पण मिस्त्रीने नजरेनेच नको म्हटलं. त्याचं ऐकलं. सारोळ्याच्या नीरेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. ते पुढे बसले, मी मागे. येताना गाडी त्यांनी चालवली. उतरल्यावर क्लच जड आहे म्हणाले, त्यांचा हलका होता म्हणे. मुलाने दुसऱ्याच दिवशी क्लच बघायला घेतला.

गाडी आता चालू आहे आणि आम्ही ती विकणार नाही. राहिलंय ते मागच्या दाराचं रबर. नवीन मिळत नाही, आणि त्याच्यावाचून पाणी आत येतं. वाचकांपैकी कुणाच्या अंगणात, सोसायटीत अशी पजेरो उभी असेल, तर भंगारात देण्याआधी एखाद्या जाणत्या मिस्त्रीला दाखवा, आणि व्हॅक्यूमच्या नळ्या एकदा बोटाने चाचपून बघायला सांगा. एवढं करूनही ती द्यायचीच ठरली, तर ते रबर आमच्यासाठी काढून ठेवा. योग्य ते पैसे देऊ.